गटारीचा पेला, भुईआवळ्याचा पाला

आषाढ सरत आला की भिवंडीच्या कामतघरात दोन गोष्टी एकदमच उगवतात. वऱ्हाळदेवी तलावाकडे जाणाऱ्या वाटेवर, भिंतीच्या फटीत, तुळशीच्या कुंडीत, चिमूटभर माती मिळेल तिथे भुईआवळा. आणि मागावरची पाळी सुटल्यावर टपरीपाशी जमणाऱ्या घोळक्यात गटारीचा बेत. गंमत म्हणजे पहिली गोष्ट दुसरीवरचा उतारा आहे, असं छातीठोकपणे सांगणारा एक तरी मामा त्या घोळक्यात असतोच. "सकाळी उपाशीपोटी रस घ्यायचा, रात्रीचं सगळं साफ!"

मामांचं कितपत खरं? वनस्पतींत यकृताची राखण करणारी रसायनं असतात का? असतात. मग ती दारूपासून वाचवतात का? इथून पुढे मामला चटपटीत होतो.

तासाला एक पेग, वर एक थेंब नाही

दीड किलोच्या आसपास वजनाचं आपलं यकृत दारू स्वतःच्याच गतीने जाळतं. तीस मिलीच्या पेगात साधारण १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं आणि तेवढं निस्तरायला यकृताला तासभर लागतो. भिवंडीकराला हे समजावून सांगायला नको. मागाचा वेग मोटर ठरवते. मालक घाईत आहे म्हणून कापड दुप्पट निघत नाही. लिंबूपाणी, थंड पाण्याची आंघोळ, काळी कॉफी यांतलं काहीही हा वेग वाढवत नाही.

आता जरा बिअरचा हिशेब. साडेसहाशे मिलीच्या ५ टक्केवाल्या बाटलीत अडीच पेगांइतकं अल्कोहोल असतं. तीच बाटली ८ टक्केवाली 'स्ट्राँग' असेल तर चार पेग! "मी दारू नाही घेत, फक्त बिअर" म्हणणाऱ्यांनी हा गुणाकार एकदा स्वतः करून पाहावा.

खरा खलनायक मधल्या पायरीवर

यकृत दारूचं रूपांतर आधी अ‍ॅसिटाल्डिहाइडमध्ये करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेटमध्ये. मधला तो अ‍ॅसिटाल्डिहाइड जहाल असतो, पेशींतल्या प्रथिनांना चिकटून त्यांची नासाडी करतो. रोज पिणाऱ्यांच्या यकृतात सीवायपी२ई१ नावाचं आणखी एक विकर कामाला लागतं आणि त्याच्या कामातून 'फ्री रॅडिकल' म्हणजे उपद्रवी रेणू बाहेर पडतात. बहुतेक वनस्पतींचा दावा या टप्प्यावरचा आहे. त्यांच्यातली अँटिऑक्सिडंट द्रव्यं हे रेणू टिपतात. परीक्षानळीत तर टिपतातच, त्यात वाद नाही.

पायाखालचा वैद्य

भुईआवळा ओळखायची सोपी खूण आहे. रोप वीतभर ते गुडघाभर, पानं आवळ्यासारखी बारीक, दोन्ही बाजूंना ओळीने लागलेली. वरून पाहिलं तर फळ एकही दिसत नाही. फांदी उलटी करा, की खाली मोहरीपेक्षा थोडी मोठी हिरवी फळं रांगेत लोंबताना दिसतात. अंधार पडला की पानं मिटतात. चव मात्र कडू. आवळ्याशी नातं नुसतं नावापुरतं नाही. दोघंही फायलँथस या एकाच प्रजातीसमूहातले.

यातली गाजलेली द्रव्यं म्हणजे फायलँथिन आणि हायपोफायलँथिन. गोची अशी की भुईआवळा या एका नावाखाली दोन-तीन वेगवेगळ्या वनस्पती बाजारात येतात आणि सगळ्यांत फायलँथिन सारखं नसतं. रस्त्याकडेचं रोप उपटून मिक्सरमध्ये टाकणाऱ्यांना तर आणखी एक इशारा: ज्या गटाराच्या पाण्यावर ते वाढलं, त्या पाण्याचीही चव रसात उतरते.

नोबेलविजेत्यालाही मोह आवरला नाही

हेपटायटिस बी विषाणूच्या शोधाबद्दल १९७६ साली नोबेल मिळवणारे बारूक ब्लूमबर्ग. भुईआवळ्याने तेही भारावले होते. मद्रासच्या डॉ. एस. पी. त्यागराजन यांच्याबरोबर त्यांनी केलेला अभ्यास १९८८ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. शरीरात हेपटायटिस बी बाळगणाऱ्या ३७ जणांना महिनाभर भुईआवळ्याची पूड दिली. २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटी गोळी घेणाऱ्या २३ जणांत असा फक्त एक निघाला. जगभर गाजावाजा झाला. पुढे इतर ठिकाणी तोच प्रयोग केला, तेव्हा मात्र हा चमत्कार दिसेना.

आणि मामांच्या नजरेतून हमखास सुटणारी गोष्ट: तो प्रयोग विषाणूवर होता, विस्कीवर नाही. कावीळ उतरवण्याची ख्याती आपण बिनदिक्कत दारूच्या खात्यावर जमा करून टाकली.

करडईचा युरोपियन भाऊबंद

यकृतरक्षकांतला जागतिक सुपरस्टार म्हणजे मिल्क थिसल. सोलापूरकडच्या करडईच्या कुळातलंच हे काटेरी झाड. फूल जांभळं आणि पानांवर दूध सांडल्यासारख्या पांढऱ्या रेघा. त्या रेघा म्हणजे मेरीमातेच्या दुधाचे थेंब, अशी युरोपात दंतकथा आहे. बियांतून निघतं सिलिमरिन. मेडिकलमधल्या निम्म्या 'लिव्हर टॉनिक'वर हे नाव बारीक अक्षरांत छापलेलं असतं.

हा गडी काही बाबतींत खरंच कामाचा आहे. अमानिटा फॅलॉइडिस नावाचं जीवघेणं अळंबं चुकून खाल्लेल्या रुग्णाला युरोपात यातलंच सिलिबिनिन शिरेतून देतात. अळंब्याचं विष यकृताच्या पेशीत शिरतं तो दरवाजाच ते अडवतं. दारूचं काय? १९८९ साली व्हिएन्नाच्या डॉक्टरांनी सिऱ्होसिसच्या, म्हणजे यकृत घट्ट होत जाण्याच्या आजाराच्या, १७० रुग्णांवरचे निकाल छापले. चार वर्षांनी सिलिमरिन घेणाऱ्यांतले ५८ टक्के हयात होते, न घेणाऱ्यांतले ३९ टक्के. टाळ्या! १९९८ साली स्पेनमधल्या २०० मद्यपी रुग्णांवरच्या तशाच प्रयोगाचे निकाल आले. फरक शून्य. पुढे सगळे चांगले प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा मृत्यू टळतात असा पुरावा काही हाती लागला नाही.

मुंबईच्या उंदरांनी प्यायलेलं कोकम

आता घरचा मासला. मुंबईतल्या के. एम. कुंदनानी औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयाच्या संशोधकांनी २०१२ साली कोकमावरचा प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांना तीन आठवडे रोज दारू पाजली आणि काहींना सोबत रातांब्याच्या सालीचा अर्क दिला. अर्क मिळालेल्या उंदरांची यकृतं बरीच शाबूत राहिली. कोकमातल्या गार्सिनॉल या द्रव्यावर शास्त्रज्ञांचा डोळा आहे.

म्हणजे गटारीच्या ताटात सोलकढी ठेवली की झालं? थांबा. मोठ्या मात्रा किलोमागे ४०० आणि ८०० मिलिग्रॅम अशा होत्या. उंदराची मात्रा माणसाला लावायची ठरलेली रीत आहे. त्या हिशेबाने साठ किलोच्या माणसाला, कमी मात्रा धरली तरी, रोज सुमारे चार ग्रॅम अर्क लागेल. अर्क, आमसूल नव्हे! शिवाय उंदरांना अर्क आणि दारू एकदमच सुरू केलेली. वीस वर्षं पिऊन मग कोकम शोधणारा उंदीर अजून कोणी तपासलेला नाही. सोलकढी जरूर प्या. जेवणाची लज्जत वाढवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

हळदीची लढाई आणि हळदीची लबाडी

जखमेवर हळद लावायचं पेटंट अमेरिकेने १९९५ साली देऊन टाकलं होतं. आपल्या सीएसआयआरने, डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली, जुने दाखले पुढे करून १९९७ साली ते रद्द करवलं. मराठी माणसाची कॉलर ताठ होण्यासारखीच गोष्ट.

पण यकृताच्या राखणीसाठी नावाजलेलं हळदीतलं कर्क्युमिन पोटातून रक्तात शिरायला महाकंजूस. १९९८ साली बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की चिमूटभर पिपरिन, म्हणजे मिऱ्यातलं तिखट द्रव्य, सोबत दिलं की माणसाच्या रक्तातलं कर्क्युमिन वीस पटींनी वाढतं. कंपन्यांनी लगेच दोन्ही एका गोळीत कोंबलं. पुढची गंमत कडू आहे. अमेरिकेत २०२२ साली हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पाच जणांना दाखल करावं लागलं, एक दगावला. दहांपैकी सात जणांत एक विशिष्ट जनुकीय खूण सापडली. भाजीतल्या हळदीला घाबरायचं कारण नाही. गोळीतली हळद ही वेगळी चीज आहे.

गुळवेलीने दिलेला दणका

कोविडच्या काळात गॅलरीच्या ग्रीलवर गुळवेल चढवली नाही असं घर विरळा. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईच्या यकृततज्ज्ञ डॉ. आभा नगराल आणि सहकाऱ्यांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले. सगळ्यांत समान धागा: गुळवेलीचा काढा किंवा गोळ्या. २०२१ साली हे निष्कर्ष छापून आले आणि आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल खाल्ली गेली असेल, असं त्यांचं म्हणणं. २०२२ साली देशातल्या १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांचा अहवाल आला. वाद काहीही असो, यकृताच्या भल्यासाठी घेतलेली वस्तू यकृतावरच उलटू शकते, हे कळायला एवढं पुरे.

औषधातच दारू!

रोहितकारिष्ट आणि कुमारीआसव ही यकृत-प्लीहेसाठी वैद्य देतात ती नामांकित औषधं. दोन्ही आंबवून तयार होतात. आंबवण्याचं काम सह्याद्रीत उन्हाळ्यात लालभडक फुलणाऱ्या धायटीच्या फुलांमुळे सोपं होतं. आंबलं की अल्कोहोल आपोआप तयार होतंच, साधारण ५ ते १० टक्के. बाटलीवर तसं छापलेलंही असतं. दोन चमच्यांनी कोणी झिंगत नाही. पण दारू सोडलेल्या माणसाने वैद्यांना ही गोष्ट आधी सांगायला हवी.

अल्कोहोल असलेल्या औषधांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंतही गेला होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात अशी औषधंही सापडत होती. १९५१ च्या बलसारा खटल्यात न्यायालयाने तेवढा भाग रद्द केला. बाकी कायदा आजही जिवंत आहे आणि महाराष्ट्रात प्यायला अजून परवाना लागतो.

हकिमाची कासनी, पद्मानगरची कॉफी

भिवंडीत हकिमाच्या दवाखान्यात यकृताची तक्रार घेऊन गेलात, तर शरबत-ए-दीनार किंवा अर्क-ए-कासनी पुढ्यात येण्याची दाट शक्यता. कासनी म्हणजे चिकोरी. आणि पद्मानगरच्या तेलुगू घरांत फिल्टरमधून उतरणाऱ्या कॉफीच्या पुडीवर 'चिकोरीमिश्रित' लिहिलेलं असतं ना, तीच ही! एकाच झाडाचं बी-पान हकिमाच्या बाटलीत आणि भाजलेलं मूळ कॉफीच्या डब्यात.

सगळ्यांत भक्कम आकडे कॉफीचेच

जडीबुटींच्या या गर्दीत माणसांवरची सर्वांत भक्कम आकडेवारी कोणाकडे असेल, तर ती साध्या कॉफीकडे. कॅलिफोर्नियातल्या १,२५,५८० लोकांची माहिती तपासून २००६ साली निष्कर्ष निघाला: रोजच्या प्रत्येक कपामागे दारूजन्य सिऱ्होसिसचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी दिसतो. चहाबाबत असं काही आढळलं नाही, हे कटिंगवर जगणाऱ्या कामतघराला जड मनाने सांगावं लागतंय. अर्थात ही निरीक्षणं आहेत. कॉफीमुळेच यकृत वाचलं, असा त्यांचा अर्थ होत नाही. चार पेगांवर दोन कप कॉफीची वजाबाकी कोणत्याही वहीत बसत नाही.

कडू कुटकी, गोड आशा

यकृतासाठी वैद्य देतात त्या आरोग्यवर्धिनीच्या गोळीत वजनाने निम्मा वाटा कुटकीचा. कुटकी हिमालयात उंचावर वाढते आणि इतकी ओरबाडली गेली की तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता निर्बंध आहेत. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने तिच्यापासून 'पिक्रोलिव्ह' वेगळं काढलं. प्राण्यांमधले निकाल झकास होते. पण आरोग्यवर्धिनीत पारा आणि ताम्रभस्मही असतं, म्हणून ती वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायची. शेजाऱ्याने सांगितली म्हणून नव्हे.

"भाऊ, एक लिव्हरची बाटली द्या"

मेडिकलच्या काउंटरवर ही मागणी नेहमीची. सर्वांत ओळखीचं नाव लिव्ह-५२, बाजारात आलं १९५५ साली. त्यात कासनी आहे, कामोणी आहे, कासविंदा आहे, अर्जुनसाल आहे. श्रीलंकेच्या डॉक्टरांनी दारूमुळे यकृत बिघडलेल्या ८० रुग्णांवर त्याचा सहा महिन्यांचा प्रयोग केला. निम्म्यांना औषध, निम्म्यांना खोटी गोळी. २००३ साली निकाल आला: दोन्ही गटांत लक्षणीय फरक नाही. काउंटरवर हे कोणी सांगत नाही, विचारतही नाही.

डोकेदुखीची गोळी आणि गुपचूप घात

हँगओव्हरला क्रोसिन, ही सवय जपून. नेहमी पिणाऱ्यांचं तेच सीवायपी२ई१ विकर पॅरासिटामॉलपासून अधिक विषारी द्रव्य बनवतं आणि ते निकामी करणारं ग्लुटाथायोन अशा यकृतात आधीच कमी झालेलं असतं. म्हणून रोज पिणाऱ्याने गोळ्यांची मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. पॅरासिटामॉलच्या विषबाधेवर एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन हा नामी उतारा आहे. तो यकृताला ग्लुटाथायोनचा कच्चा माल पुरवतो. पण तो रुग्णालयात, वेळेत मिळाला तर.

रिपोर्टमधली चुगली

एलएफटीच्या, म्हणजे यकृताच्या रक्ततपासणीच्या, कागदावर दोन ओळी पाहा: एसजीओटी आणि एसजीपीटी. यकृताच्या बहुतेक दुखण्यांत एसजीपीटी वरचढ असतं. दारूने सुजलेल्या यकृतात उलटं होतं; एसजीओटी बऱ्याचदा एसजीपीटीच्या दुपटीपुढे जातं. "डॉक्टर, मी घेतच नाही हो" म्हणणाऱ्याची चुगली हा कागद करतो.

"आमचे आजोबा रोज घ्यायचे, नव्वदीला गेले"

हेही खरं असू शकतं. रोज चांगलीच पिणाऱ्या दहांपैकी नऊ जणांच्या यकृतात चरबी साठते, पण सिऱ्होसिस होतो एक-दोघांना. जनुकं, वजन, हेपटायटिस, स्त्री की पुरुष, सगळं त्यात हिशेबात येतं. आजोबांना लॉटरी लागली. तिकीट वारसाहक्काने मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्वच्छ सांगितलं की दारूचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही.

यकृताचं आवडतं औषध: श्रावण

गटारीच्या दुसऱ्या दिवसापासून जे सुरू होतं, तेच यकृताला सर्वांत मानवतं. नुसती चरबी साठण्याच्या टप्प्यावर असलेलं यकृत दारू पूर्ण थांबवली की दोन ते सहा आठवड्यांत बरंचसं पूर्वपदावर येतं. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयाच्या संशोधकांनी मध्यम ते बऱ्यापैकी पिणाऱ्या ९४ जणांना महिनाभर दारू सोडायला सांगितली. २०१८ साली छापलेल्या निकालांनुसार त्यांचा रक्तदाब आणि वजन उतरलं, आणि इन्सुलिनला शरीर दाद देत नाही ते प्रमाण सुमारे पाव हिश्शाने घटलं. आपल्या आजीला हे इंग्लंडातून कळायची गरज नव्हती. ती फक्त "श्रावण पाळ" म्हणायची. मेख एकच: गणपती उठताच महिन्याची वसुली एका रात्रीत केली, तर सगळं मुसळ केरात.

एक बजावून सांगायचं राहिलं. रोज भरपूर पिणाऱ्याने श्रावणाच्या मुहूर्तावर एकदम बंद करू नये. हात थरथरणं, भास, फिट्स इथपर्यंत मजल जाऊ शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. असं सोडणं डॉक्टरांच्या हाताखालीच करायचं. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या पाठबळाने १९८६ साली पुण्यात सुरू केलेलं 'मुक्तांगण' गेली कित्येक वर्षं हेच काम करतंय.

तर निकाल असा. भुईआवळा, कोकम, हळद, मिल्क थिसल या सगळ्यांत दखल घेण्याजोगी रसायनं आहेत आणि त्यांच्यावर आणखी संशोधन व्हायलाच हवं. पण पिणं चालू ठेवून यकृत वाचवणारा पाला, पूड किंवा गोळी माणसांवर आजवर सिद्ध झालेली नाही. सिद्ध झालेला उपाय एकच, न पिणं, आणि तो मेडिकलमध्ये विकत मिळत नाही. घरात कोणाला तो एकट्याने जमत नसेल, तर व्यसनमुक्तीच्या १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर फोन लावा. फोन मोफत आहे.